हंबीररावांचा पाय

"हंबीररावांचा पाय थरथरतो," असं आमच्या डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणात जाहीर केलं, तेव्हा माझ्या हातातली आमटीची पळी हवेतच राहिली.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, देवदत्त. सांगलीत विश्रामबागेला त्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना, आणि दर मंगळवारी कराड, पाटण, कोयनानगर अशी फेरी. हंबीरराव म्हणजे आमचे ड्रायव्हर. वाळवा तालुक्यातले. सैन्यात बावीस वर्षं ट्रक चालवून पेन्शनीत आलेले, आणि गेली पाच वर्षं आमच्या आउटहाउसमध्ये राहणारे. आणि मी चारुशीला, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवते. मला राग लवकर येतो. तो खरा असतो, एवढंच त्याच्या बाजूने सांगते.

"कशावरून?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कपाळावरची पट्टी दाखवली. कोयनानगरच्या अलीकडे, वळणावर, उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना गाडीने एकाएकी जीव सोडला, मग हिसका देऊन पुढे उडी मारली. डॉक्टरांचं डोकं समोर आपटलं. समोरून एस.टी. येत होती. हंबीररावांनी गाडी कशीबशी आवरली म्हणून निभावलं. पण असले हिसके दिवाळीपासून चालले होते आणि हा चौथा होता.

"गाडी दादासोंकडे तीन वेळा तपासली," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी मिरजेपर्यंत दामटून पाहिली, काही नाही. मी स्वतः आठवडाभर गावात चालवली, काही नाही. हंबीरराव बसले की हिसके. मग दोष गाडीत, की ड्रायव्हरमध्ये?"

दादासो म्हणजे सांगलीतल्या मोठ्या गॅरेजचे मालक. ही गाडी कार्ब्युरेटर नसलेली, पेट्रोल इंजेक्शनची, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतलाच छोटा कॉम्प्युटर ठरवतो. अठ्ठ्याण्णव साली अशा गाड्या गावात बोटांवर मोजण्याइतक्या. दादासोंनी तिच्यासाठी मुद्दाम तपासणीचा कॉम्प्युटर आणला होता, आणि तो कॉम्प्युटर म्हणत होता, दोष नाही. तेव्हा दादासोंनीच हळूच डॉक्टरांच्या कानात सोडलं होतं, की म्हाताऱ्याचा पाय बघा एकदा.

हंबीरराव तेव्हा बावन्न वर्षांचे होते. डॉक्टर पन्नास. म्हातारा म्हणे!

माझ्या रागाचं एक दुखणं आहे, उत्तर नसलं की तो दुप्पट होतो. मी आमटी जरा जोरातच वाढली.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी हंबीररावांना सांगून टाकलं, की आता तुम्ही विश्रांती घ्या, सोमवारपासून दुसरा माणूस बघतो. हंबीरराव दारात सरळ उभे होते. ते म्हणाले, "जी सायेब." बस. ना कारण विचारलं, ना बाजू मांडली. सैन्यातली सवय. साहेबाने सांगितलं की उलट शब्द नाही. डॉक्टरांना वाटलं, कबूल केलं. वर हंबीररावांच्या गावातल्या एस.टी.डी. बूथवर फोन करून निरोपही ठेवला, की त्यांना गाडी झेपत नाही, मुलाला रविवारी ट्रंक न्यायला पाठवा.

संध्याकाळी मी आउटहाउसकडे गेले तर हंबीरराव खुर्चीवर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, उजवा पाय लोखंडी ट्रंकेवर ठेवलेला. पायाच्या अंगठ्यावर नजर लावून बसले होते. मी आलेली त्यांना कळलंसुद्धा नाही.

"हंबीरराव?"

दचकून उठले. "बाईसाहेब, तुमास्नी दिसतंय का वो कायी? मला तर न्हाई दिसत. पर गाडीत बसल्यावर मी पायाकडं बघत न्हाई, रस्त्याकडं बघतो. तवा थरथरत आसंल."

ज्या माणसाने लडाखच्या बर्फात रात्रंदिवस रसद वाहिली, तो आपल्याच पायाला परका झाला होता. नोकरीचं एक वेळ सोडा. पेन्शन होती, चार एकर ऊस होता, उपाशी कोणी मरत नव्हतं. पण हा माणूस उद्या गावात गेला की उरलेलं आयुष्य असाच पायाकडे बघत बसणार, हे मला तिथेच लख्ख दिसलं.

"तुम्ही गाडी चालवता कशी, ते सांगा मला," मी ट्रंकेवरच बसले. "दादासो चालवतात त्याहून वेगळं काय करता?"

"येगळं काय न्हाई. पंचावन."

"पंचावन्न काय?"

"काटा पंचावनवर आला की पाय हलवायचा न्हाई. दादासो ऐंशीनं जात्यात आन मग बिरेक मारत्यात. सायेब तर..." ते थांबले.

"साहेबांचं मला माहीत आहे. त्यांचा पाय स्टोव्हला पंप मारल्यासारखा चालतो. पुढे सांगा."

"कानवायमधी, फौजेच्या गाड्यांच्या रांगंत, शिकिवलंय आमास्नी. मागं चाळीस गाड्या आसत्यात. पुढच्यानं पाय हलिवला की समदी रांग गचके खाती. म्हून पाय एका जाग्यावर. सांगली ते कराड, पंचावन म्हंजी पंचावन. घाटात गेर बदलंल, पर पाय त्योच."

मी घरी आले ते विचारात. एकच पाय, एकच जागा, सैन्यापासूनची सवय. त्यातली शेवटची दोन वर्षं या नव्या गाडीवर. आणि हिसके फक्त तेव्हाच. माझ्या प्रयोगशाळेत आवाज कमी-जास्त करायची जी फिरती बटणं असतात, त्यांच्या पोटात एक काळी पट्टी असते आणि तिच्यावरून एक पितळी बोट फिरतं. पोरं बटण नेहमी एकाच जागी ठेवतात आणि बरोबर तिथेच ते खरखरायला लागतं. इकडे ठीक, तिकडे ठीक, मधल्या त्या एका जागी खरखर. या गाडीत कॉम्प्युटर आहे, तर पेडल किती दाबलं हे त्याला कोण सांगतं?

शनिवारी दादासोंच्या गॅरेजात गेले. गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं. पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे छापखान्यातून आल्यापासून कोणी उघडलेलं नव्हतं. ते घरी आणून रात्री दहापर्यंत वाचलं. एकशे बाराव्या पानावर सापडलं. इंजिनात हवा सोडणारी झडप असते. पेडलची तार तिला ओढते. त्या झडपेच्या कडेला काड्यापेटीएवढी एक डबी, तिला तीन वायरी. एकीतून पाच व्होल्ट आत येतात, दुसरी जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, आणि तिसरीतून पेडल जितकं दाबाल तितके व्होल्ट कॉम्प्युटरकडे जातात. पेडल सोडलं की अर्धा, पूर्ण दाबलं की साडेचार. डबीच्या पोटात, अर्थातच, काळी पट्टी. ती जिथे झिजेल तिथे कॉम्प्युटरला वाटणार, पाय पेडलवरून उचललाय, आणि तो पेट्रोल तोडणार. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी बॉनेट उघडलं. दादासो पुस्तक न्यायच्या निमित्ताने मजा बघायला आले होते. डॉक्टर सदऱ्याच्या बाह्या सरसावून नुसतेच उभे. हंबीरराव लांब, आंब्याखाली, इस्त्रीच्या कपड्यात. दुपारी त्यांचा मुलगा वीरधवल येणार होता. ट्रंक बांधून तयार होती.

माझा मल्टिमीटर काट्याचा, जुना. नव्या मीटरमध्ये नुसते आकडे उमटतात. काट्याचा मीटर मात्र क्षणभराची गचकीही दाखवतो. शिवणाच्या सुया मी डबीच्या मागून वायरींच्या कडेने आत सरकवल्या आणि मीटरची टोकं त्यांना लावली. इंजिन बंद, फक्त किल्ली फिरवलेली. पहिल्या वायरीवर पाच व्होल्ट, बरोबर. जमीन बरोबर. तिसरीवर अर्धा. सगळं पुस्तकातल्यासारखं.

"आता पेडल दाबा. हळू," मी डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी खच्चून दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. काटा झोपाळ्यासारखा खालीवर झाला. अडखळला नाही.

"वैनी," दादासो मिशीत हसले, "कॉम्प्युटरनं सांगितलंच व्हतं की."

"कॉम्प्युटरला पुढची पानं वाचायला सांगा," मी म्हटलं. "हंबीरराव, या. तुम्ही बसा."

ते यायला तयार नव्हते. मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आले, सीटवर बसले, पुढे बघितलं. म्हटलं, "पंचावन्नला ठेवता तिथे ठेवा." इंजिन बंद होतं, वेगाचा काटा शून्यावर, तरी त्यांचा पाय न बघता त्या जागी गेला. आणि माझा काटा दीड व्होल्टाच्या जरा अलीकडे आला, आणि धाडकन खाली पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला.

"सापडलं!" मी ओरडले.

"बघ!" डॉक्टरही ओरडले. "बघ कसा थरथरतोय! हा त्यांचा पायच दिसतोय तुझ्या मीटरवर!"

ते बिनतोड होतं. पाय हलला तरी काटा हलणार आणि पट्टी झिजली तरी काटा हलणार. हंबीररावांनी पेडलवरून पाय काढला, गाडीतून उतरले आणि दार अगदी आवाज न करता लावलं. आजवर नुसती कुजबुज होती, मी तिला मीटर लावून पुरावा मिळवून दिला होता. दादासोंनी पुस्तक काखेत मारलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

मी पुन्हा उघड्या बॉनेटखाली वाकले. पाय हवाच कशाला? पाय काढूनच टाकायचा. पेडलची तार ज्या झडपेला ओढते, ती झडप माझ्या समोरच होती. तिचा दांडा मागे येऊन एका स्क्रूला टेकत होता. त्या दोघांच्या मध्ये काही सरकवलं, तर झडप तेवढीच उघडी राहणार. जितकी जाड वस्तू, तितकी उघडी. हवं होतं एकसारख्या जाडीचं, पातळ आणि पुष्कळ.

"अहो," मी म्हटलं, "घसा बघताना जिभेवर ठेवता त्या लाकडी पट्ट्या. खोकं आणा."

"त्या निर्जंतुक केलेल्या असतात!"

"मग काय झालं? इंजिनाला सर्दी होईल? आणा!"

माझा आवाज बहुधा चौकापर्यंत गेला असावा. डॉक्टर धावतच खोकं घेऊन आले.

"आता सगळे गाडीपासून दूर. दारं बंद. आत कोणी नाही ना? नीट बघा, नंतर म्हणू नका."

पहिली पट्टी सरकवली. काटा किंचित वर गेला आणि स्थिर राहिला. दुसरी. स्थिर. तिसरी. चौथी. मी मोठ्याने मोजत होते. हंबीरराव आंब्याखालून दोन पावलं पुढे आले होते. पाचवी पट्टी सरकवली आणि काटा दीडाच्या अलीकडे जाऊन धाडकन तळाला पडला. डबीवर मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली. काटा उसळला, लगेच पुन्हा पडला. सहावी सरकवली, काटा गुमान वर जाऊन उभा राहिला. सहावी काढली, मेला.

मी वळले. "डॉक्टर, पेडलवर पाय कोणाचा आहे?"

डॉक्टर रिकाम्या सीटकडे बघत राहिले.

"दादासो, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा, पाय कोणाचा आहे?"

दादासोंनी पुस्तक खाली ठेवलं आणि स्वतः पट्ट्या काढून पुन्हा घातल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचही वेळा पाचव्या पट्टीला काटा पडला. दादासो गर्विष्ठ असतील, पण कारागीर सच्चे. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "वैनी, चुकलं माझं. उद्याच पुण्याला नव्या डबीचा फोन लावतो." मी दोन्ही हात वर करून अंगणात एक गिरकी घेतली. पंचेचाळिसाव्या वर्षी, ग्रीस लागलेल्या साडीत. शेजारच्या गच्चीवरून कोणी बघत होतं, बघू देत.

डॉक्टर हंबीररावांकडे गेले. खाकरले. "हंबीरराव, गाडीतच दोष होता. झालं गेलं विसरा. ट्रंक सोडा." आणि किल्ली पुढे केली.

हंबीररावांनी किल्लीकडे बघितलं, घेतली नाही.

"सायेब, एक बोलू का?"

पाच वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

"तुमी फोन केला तवा बूथमधी धा मानसं व्हती, पोरानं सांगितलं मला फोनवर. संध्याकाळपतूर समद्या गावात झालं, हंबीरचा पाय गेला म्हून. आमच्या गावात घरटी एक पेन्शनर हाय. त्यांच्यात बसायचं हाय मला. ही किल्ली हितं देऊ नगा. तितं येऊन द्या, समद्यांम्होरं. मग येतो."

आणि दुपारी मुलासोबत ते खरंच गेले, ट्रंक घेऊन.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, आमच्या डॉक्टरांनी मला एकदाही 'चुकलं' म्हटलेलं नाही. परक्या गावात, पारावर उभं राहून ते म्हणतील, ही आशा मला नव्हती. चार दिवसांत दुसरे दोन ड्रायव्हर काम विचारायला आले, त्यांना डॉक्टरांनी बघितलंही नाही. गुरुवारी पुण्याहून नवी डबी आली, दादासोंनी स्वतः येऊन बसवली. शुक्रवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "चल. त्या बूथवर निरोप ठेवलाय. आणि ती जुनी डबी बरोबर घे."

गाडी त्यांनीच चालवली. हायवेवर मी त्यांना दहा मैल पंचावन्नवर पाय धरून ठेवायला लावला. हिसका एक नाही. पण काटा बावन्न, अठ्ठावन्न, पन्नास, साठ असा नाचत होता, आणि दहा मैलांनी डॉक्टरांच्या पोटरीत गोळा आला. "हे हा माणूस रोज करतो?" ते म्हणाले.

गावात पारावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. निम्म्यांच्या मिशा आणि बसण्याची ढब सांगत होती की सैन्यातली. मधोमध हरिबा, सत्तरीचे निवृत्त सुभेदार, हातात काठी. हंबीरराव एका कडेला, खाली मान घालून. बायका शाळेच्या भिंतीशी, त्यात राहीबाई, हंबीररावांची बायको.

डॉक्टरांनी सुरुवातीला भाषणच केलं. झडप, व्होल्ट, काय काय. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "माझं चुकलं. दोष गाडीत होता. मी न तपासता हंबीररावांच्या पायावर ढकलला. मी त्यांची माफी मागतो." मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की त्या रात्रीच्या आमटीपासूनचा सगळा राग मी सोडून दिला.

पण हरिबा हलले नाहीत. काठी आपटून म्हणाले, "आवं डॉक्टर, ते समदं खरं. पर एक सांगा. दोष गाडीत, तर तुमी चालवली तवा का न्हाई हिसका? ह्यानं चालवली तवाच का? दया आली म्हून म्हंत आसाल तर तसं सांगा. आमी अडानी हाय, पर खुळं न्हाई."

हंबीररावांची मान आणखी खाली गेली. मला हरिबांचा राग येईना. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते अजून मी स्वतःच्या डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. मी पर्समधून डबी काढली, स्क्रूड्रायव्हरचं टोक फटीत घातलं आणि झाकण उचकटलं.

आत काळी कुळकुळीत पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी, चकचकीत. आणि एकाच जागी, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खड्डा.

मी ती हरिबांच्या तळहातावर ठेवली. "सुभेदारसाहेब, पेडल दाबलं की यावर पितळी बोट फिरतं. पाय जिथे थांबतो, तिथेच ते बोट थांबतं, आणि गाडीच्या हादऱ्याने तेवढीच जागा घासली जाते. बाकीच्यांचा पाय त्या जागी थांबतच नाही, नुसता पुढे निघून जातो, म्हणून त्यांना हिसका नाही. थरथरणारा पाय असता, तर बोट पुढेमागे सरकत राहिलं असतं आणि सगळी पट्टी थोडी थोडी झिजली असती. आमच्या डॉक्टरांनी चालवली असती, तर खरंच तशी झिजली असती."

हरिबांनी डबी उन्हात धरली. चष्मा वर केला, खाली केला. बोटाने पट्टी चाचपली.

"दोन साल ह्यो गाडी चालवतोय?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं. दर आठवड्याला घाटातून."

"आन खड्डा येवढाच?"

"एवढाच."

हरिबा काठी टाकून उभे राहिले. "आरं गड्यांनो," ते पारावर गरजले, "ह्या बाबाचा पाय दोन सालात दाणाभर हललेला न्हाई रं! पायानं लोखंडासारखी पट्टी खाल्लीय ह्यानं!"

मग डबी हातोहात फिरली. जो तो उन्हात धरायचा, बघायचा, आणि हंबीररावांकडे बघायचा. कोणी तरी शिट्टी मारली. एकाने त्यांना पाठीमागून उचललंच. हंबीरराव हसत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. शेवटी डबी बायकांकडे पोचली. राहीबाईने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि तिथूनच कडाडली, "पाच दिस म्या सांगतेय, पाय थरथरत न्हाई, जेवा! माझं न्हाई पटलं ह्यांस्नी! दाण्येवढ्या खड्ड्याचं पटलं!"

सगळा पार हसला, बाया हसल्या, आणि सर्वांत मोठ्याने हंबीरराव. डॉक्टरांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी किल्ली दिली. हंबीररावांनी ती घेतली, टाच जुळवून सलाम ठोकला आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं. डॉक्टर मुकाट्याने आत जाऊन बसले.